दाऊद नालबंदाची जाहीर तपासणी

रुग्ण क्रमांक : ११. नाव : शेख दाऊद शेख चांद. वय : ४६ (अंदाजे). राहणार : बडनेरा, जिल्हा अमरावती. शिक्षण : उर्दू चौथी. व्यवसाय : नालबंद (सध्या नाही). दुखापत : पाठीच्या मधल्या भागात मज्जारज्जूस, सन २००६, अंगावर बैल पडून, कमरेखाली पूर्ण. उपचार : रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतील मूळपेशींचे रोपण, एक मात्रा. जाहीर तपासणी : अमरावती शिबिर, फेब्रुवारी २००९, सुमारे दोनशे नागरिकांच्या उपस्थितीत. टाचणीस प्रतिसाद : डावे पाऊल, तीन वेळा, स्पष्ट. संवेदना : परत येत आहे. रुग्णाचे सहकार्य : उत्तम.

हा मजकूर अकोल्याच्या एका खाजगी उपचार केंद्राच्या छापील तक्त्यातला आहे. तक्ता नीटनेटका आहे आणि त्यातला एकही आकडा खोटा नाही. प्रतिसाद तीनच वेळा आला, आणि तो स्पष्टच होता. केंद्राच्या ज्या अनुपमाबाईंनी तो लिहिला त्या तपासणीवेळी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. तरी पुढे कोणीतरी हा कागद दाऊदला वाचून दाखवला तेव्हा तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "कोन होय हा मानूस? नशीबवान दिसते."

दाऊद घरी उर्दू बोलायचा, बाजारात वऱ्हाडी बोलायचा आणि दवाखान्यात गप्प बसायचा. बाप नालबंद, आजा नालबंद. त्याची बायको हलीमाबी सांगायची की लग्न ठरताना तिच्या बापाने मुलाचं घर पाहिलं नाही, त्याने ठोकलेला बैल चालवून पाहिला.

नाल मारणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, त्यात हातोडी महत्त्वाची. महत्त्वाचा असतो दोर. बैलाच्या पायांत तो असा गुंतवावा लागतो की एका हिसक्यात ते धूड आडवं व्हावं, आणि आपल्या अंगावर न येता पलीकडे पडावं. मग चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचे आणि एका पायाला दोन अशा आठ पत्र्या ठोकायच्या. खिळा खुराच्या मेलेल्या भागातून गेला तर बैलाला काही कळत नाही. जिवंत भागाला लागला तर बैल उठतो आणि लंगडतो. मग तीस-चाळीस खिळ्यांतला तो एक कोणता, हे शोधायचं. बाकीचे नालबंद एकेका खिळ्यावर हातोडी वाजवत आणि बैल पाय ओढील तो खिळा काढत. दाऊदचा त्यावर विश्वास नव्हता.

"बैल खियाले भीत नाई, हातोडीले भीते," तो म्हणायचा. "त्याले इचारा, कुठी दुखते. पन डोये झाकून इचारा."

मालकाच्या खांद्यावरचा दुपट्टा घेऊन तो बैलाच्या डोळ्यांवर टाकायचा आणि मग वाजवायला बसायचा. मघाशी प्रत्येक खिळ्याला थरथरणारा बैल आता नऊ खिळे मुकाट्याने वाजवू द्यायचा आणि दहाव्याला पाय हिसडायचा. दाऊद दहावा काढायचा. सव्वीस वर्षांत आपण दोनदाच चुकीचा खिळा काढला, असा त्याचा दावा होता. त्या दोन्ही बैलांचे रंग त्याला पाठ होते.

सन २००६ च्या पोळ्याच्या आठ दिवस आधी लोणीकडच्या एका माणसाचा पांढरा बैल अर्धे नाल मारून झाल्यावर दोर तोडून उठला, आणि दुसऱ्यांदा पाडताना पलीकडे पडायचा तो अलीकडे पडला. दोर कुजका होता, मालकाने आणलेला होता, आणि दाऊदने तो तपासला नव्हता, कारण त्या दिवशी सात जोड्या रांगेत होत्या. तेवढी रांग नंतर बडनेऱ्यात कधी लागली नाही. वऱ्हाडातले बैलच कमी होत चालले होते. बैल मात्र धडधाकट उठला. पुढच्या बाजारात तो विकला गेला. घेणाऱ्याने फक्त एवढंच विचारलं की नाल अर्धेच काहून मारले.

सरकारी दवाखान्यात सांगितलं, आतली दोरी तुटली.

"मंग जोडा," दाऊद म्हणाला.

ती जोडता येत नाही, हे त्याला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं. चौथा माणूस डॉक्टर नव्हता, व्यायाम करवून घेणारा होता. त्याने दाऊदला पलंगावरून खुर्चीत कसं उतरायचं ते शिकवलं, आणि हातांत इतका जोर असलेला पेशंट आपण पाहिला नाही म्हणाला. दाऊदला ते खरंच वाटलं, कारण ते खरं होतं. घरी येऊन तो दारात बसून विळ्या-खुरप्यांना धार लावू लागला. दोन वर्षं अशी गेली. वाईट गेली असं म्हणावं, तर हलीमाबी म्हणायची, आधी हा माणूस दिवसभर बैलाशी बोलायचा, आता निदान माझ्याशी भांडतो.

त्या वर्षांत वऱ्हाडात शिबिरांना तोटा नव्हता. खेड्यांतली माणसं विषाच्या बाटल्या जवळ करत होती, आणि त्यांना वाचवायला म्हणून जो तो शिबिर घेत होता. मनोधैर्याचं शिबिर असे, गांडूळखताचं असे, मोतीबिंदूचं असे. एका गावात तिन्ही एकाच मांडवात झाली आणि ज्याला मोतीबिंदू होता तो गांडूळखताचं प्रमाणपत्र घेऊन घरी गेला. अशाच एका मांडवातून दाऊदच्या घरी अकोल्याच्या केंद्राचं पत्रक आलं. मणक्याच्या दुखापतीवर नवा उपचार; पहिल्या बारा रुग्णांना विनामूल्य.

केंद्राचे डॉक्टर चिंतामण हे सात पिढ्या भिक्षुकी चाललेल्या घरातले. आवाज मऊ, हात स्वच्छ. ते लबाड होते असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. लबाड माणूस इतक्या शांतपणे समजावत नाही. त्यांनी कागदावर हाड काढलं, हाडात ठिपके काढले आणि म्हणाले, "या मूळपेशी, दाऊदभाई. शरीरात दुसरं काहीही बनू शकणाऱ्या. आपण त्या तुमच्या कमरेच्या हाडातून काढायच्या, यंत्रात वेगळ्या करायच्या आणि जिथे मज्जारज्जू तुटलाय तिथे सोडायच्या. त्या तिथे काय करायचं ते करतील."

"म्हंजे बियानं," दाऊद म्हणाला. "माह्याच हाडातलं काढून माह्याच पाठीत पेरता."

"अगदी बरोबर!" डॉक्टर इतके खूश झाले की पुढच्या सगळ्या भाषणांत त्यांनी हेच वाक्य वापरलं. त्या वर्षांत वऱ्हाडात बियाण्याचं काय होत होतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संमतीच्या कागदावर 'प्रायोगिक' असा शब्द होता. हलीमाबीने विचारलं, याचा मतलब काय. अनुपमाबाई म्हणाल्या, "म्हणजे नवीन." दाऊदने उर्दूत सही केली.

इंजेक्शननंतर तिसऱ्या आठवड्यात दाऊदचा डावा पाय पलंगावर उडाला. घरात चार माणसं होती, चौघांनी पाहिला. अकोल्याला फोन गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः कॅमेरा घेऊन हजर.

"पाय तो पहिलेबी उडता था," हलीमाबी म्हणाली. "चादर बदलताना तो लाथच मारतात हे."

"पहिले उडत असेल," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "पण आता वेगळा उडतोय ना?"

हलीमाबीने विचार केला. एवढा शिकलेला माणूस अकोल्याहून येऊन विचारतोय म्हणजे काहीतरी वेगळं असणार. "हाव, शायद," ती म्हणाली. अनुपमाबाईंनी लिहिलं : पत्नीस फरक जाणवतो.

त्यानंतर घरात सगळे दाऊदच्या पायांकडेच पाहू लागले. पूर्वी तिकडे कोणी पाहत नव्हतं, तो स्वतःही नाही. आता हलीमाबी पावलाला हात लावायची, तो पाहायचा आणि म्हणायचा, "लागला. अंगठ्याले लागला." आणि खरंच अंगठ्यालाच लागलेला असायचा. एकदाही चुकला नाही. कधी तो मांडीवर हात रोवून पुढे वाकायचा, दात खायचा, "चल!" म्हणायचा, आणि पाऊल झटकन उचललं जायचं. शेजारपाजारचे टाळ्या वाजवायचे. मूर्तिजापूरहून एक मास्तर पाहायला आला, वरूडहून संत्र्याच्या व्यापारातले दोघे भाऊ आले. त्यांचा तिसरा भाऊ ट्रकवरून पडला होता. दाऊद सगळ्यांना पाय दाखवायचा. हलीमाबी चहा करून करून वैतागली.

आणि जानेवारीत नांदगाव खंडेश्वरहून महादेवराव आले. हे दाऊदचं जुनं गिऱ्हाईक. वीस वर्षं त्यांच्या बैलांना दुसऱ्याचा नाल लागला नव्हता. त्यांची पोरगी अबोली, वय वीस, डी.एड.ला होती. दिवाळीआधी मावसभावाच्या मोटारसायकलवरून मागे पडली. कमरेखाली सगळं गेलं. ती अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात होती आणि तिथले लोक तिला खुर्ची शिकवत होते.

महादेवरावांनी चहा घेतला, दाऊदचा पाय उडताना पाहिला, पुन्हा पाहिला.

"बियानं उगोलं म्हनता?" ते म्हणाले.

"तुमच्या समोर हाय."

"दाऊदभाई, ते दवाखान्यातले म्हनते, आनखी तीन महिने पोरगी इथंच ठेवा. बसनं, उतरनं, खुर्चीवर हिंडनं, सगळं शिकवतो. मंग कॉलेजात पाठवा म्हनते. खुर्चीवर कॉलेज!" त्यांनी कप खाली ठेवला. "मी तिले तिथून काढतो अन् अकोल्याले नेतो. पन अबोली आयकत नाई. म्हनते, दाऊदचाचाले इचारा. तुमी सांगा. तुमी हाव म्हनलं तं उद्याच गाडी करतो."

दाऊदने हाव म्हणायला तोंड उघडलं. मग म्हणाला, "पंधरा दिवसांनी अमरावतीले शिबिर हाय. पोरीले घेऊन या. तिच्या डोयानं पाहू द्या."

त्याने तसं का म्हटलं हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. एक मात्र होतं. शिबिरात येऊन पाय दाखवला की दुसरी मात्राही विनामूल्य, असं केंद्राकडून ठरलं होतं. दुसऱ्या मात्रेने उभे राहाल, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "बघू या." दाऊदने ते 'उभे राहाल' असंच ऐकलं होतं.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नातला नवरानवरीचा लाल मखमली सोफा मंचावर तसाच होता. चौघांनी दाऊदला उचलून त्यावर बसवलं, पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. हलीमाबी बाजूला खुर्चीवर. खाली दोनशे माणसं. त्यांतली तीस-चाळीस खाटेवर, चाकाच्या खुर्चीवर किंवा भावाच्या पाठीवर आलेली. मूर्तिजापूरचा मास्तर होता, वरूडचे भाऊ होते, तिसऱ्यालाही आणलं होतं. पहिल्या रांगेच्या कडेला महादेवराव, आणि त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत अबोली. आंबा रंगाची ओढणी, दोन वेण्या, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

डॉक्टरांनी भाषण केलं. बियाणं आलं, पेरणी आली. मग त्यांनी दाऊदच्या पावलावर बोट टेकवलं.

"काय वाटलं, दाऊदभाई?"

"करंगयीले लागलं."

टाळ्या. मग दाऊद वाकला, "चल!" म्हणाला, पाऊल उडालं. आता टाळ्या थांबेनात. वरूडचा मोठा भाऊ रडत होता. दाऊदच्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षं तो दुसऱ्याचा पाय हातात घेऊन बसला होता. आपला पाय पाहायला दोनशे माणसं येतील हे त्याच्या आज्याने ऐकलं असतं तर हातोडी टाकून दिली असती.

"कुणाला काही शंका?" डॉक्टर म्हणाले.

अबोलीने हात वर केला.

"दाऊदचाचा, डोये झाकून करा ना."

सभागृह हसलं. महादेवराव लाजले. "अव पोरी, ते का बैल हाय का?"

"मंग तुमीच तं सांगता बाबा, चाचा बैलाचे डोये झाकते म्हून! मी लहानपनी पाह्यलं. तुमचाच दुपट्टा टाकत होते." तिने खुर्ची मंचाकडे वळवली. "मले त्याच्यावरच ठरवायचं हाय. चाचानं डोये झाकून सांगितलं तं मी आज जाते अकोल्याले."

डॉक्टर हसत म्हणाले, "काही हरकत नाही. उलट उत्तमच."

दाऊद तर आधीच हसत होता. त्याला मनापासून आवडलं. दोनशे माणसांत एकीला तरी कसब कळत होतं. "झाका," तो म्हणाला. "आन बेटा तुही ओढनी. जाड हाय, बैलाले चालते तं मले चालीन. अन् बोटानं नोका करू डॉक्टर, टाचनी घ्या. एकदम पक्कं काम करू."

हलीमाबीने ओढणी दोन पदर करून त्याच्या डोळ्यांवर बांधली. अंधार झाला. ओढणीला खोबरेल तेलाचा वास होता. पंख्याची घरघर ऐकू येत होती, मागे कोणाचं तरी लेकरू कुरकुरत होतं. दाऊदने दोन्ही हात सोफ्याच्या हातांवर ठेवले आणि वाट पाहू लागला.

कोणीतरी हसलं. मग हसणं बंद झालं.

डॉक्टर टाचणी शोधत असतील. अनुपमाबाईंच्या कागदांना असते टाचणी. सापडत नसेल.

"चालू द्या," दाऊद म्हणाला.

समोरून "अरे!" असा आवाज आला. पुन्हा "अरे!" एक बाई "अगंबाई" म्हणाली. काहीतरी पडलं असेल, नाहीतर कोणाला भोवळ आली असेल. अशा गर्दीत येते.

"टोचा नं डॉक्टर. मी तयार हाव."

आता लेकराचं कुरकुरणंही ऐकू येत नव्हतं. दोनशे माणसं एका जागी असून इतकी शांतता दाऊदने फक्त जनाज्याच्या नमाजला ऐकली होती. मस्करी चालली असेल. नाल मारताना पोरं अशीच मस्करी करायची, हातोडी लपवायची. पण डॉक्टर मस्करीतला माणूस नव्हता.

"काहून टोचून नाई राह्यले?" त्याने विचारलं. "हलीमा?"

हलीमाबीच्या जागेवरून फक्त श्वास ऐकू आला.

"चाचा," खालून अबोली म्हणाली. ती रडत होती. "तीनदा टोचली."

दाऊदने ओढणी ओढून काढली. डॉक्टर पावलाशी गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हलीमाबीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं. स्टुलावरून डावा पाय खाली घसरला होता. स्वतःहून घसरला नव्हता. उडून पडला होता. दोनशे माणसांनी तो तीनदा उडताना पाहिला, आणि ज्याचा पाय होता तो एकटाच तिथे नव्हता.

आधी बोलले ते डॉक्टर. ते घाईघाईने उठून म्हणाले, "संवेदनेला वेळ लागतो. हालचाल आधी येते. पाय उडाला, सगळ्यांनी पाहिलं, ही चांगलीच खूण आहे."

"पाय तं माहाबी उडते!" अबोली ओरडली. "रोज उडते! दवाखान्यातल्या सायबानं सांगितलं, तुटलेल्या जागेच्या खाली पाय आपल्या मनानं उडत राह्यते, आपल्याले पत्ता नसते. मी काय सांगून राह्यली बाबा तुमाले, दिवाळीपासून?"

"पन ते तं 'चल' म्हनलं की चालवते," महादेवराव चाचरत म्हणाले.

सगळ्यांनी दाऊदकडे पाहिलं. त्यालाही तोच आधार उरला होता. चेहऱ्यावरून एकदा हात फिरवून त्याने ओढणी स्वतःच पुन्हा बांधली. अर्धा बैल ठोकून त्याने कधी सोडला नव्हता; एकदाच सोडला होता, आणि तो बेशुद्ध असताना.

"माहे दोन्ही हात धरा कोनीतरी," तो म्हणाला. "वर धरा. मांडीले हात लागू देऊ नोका. अन् मले वाकू नोका देऊ."

डॉक्टर म्हणाले, "दाऊदभाई, याची गरज नाही."

"धरा."

वरूडच्या दोघा भावांनी मंचावर चढून हात धरले.

"चल!" दाऊद म्हणाला. सगळा जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळाला घाम आला. "चल! चल!" आत त्याला स्वच्छ वाटत होतं की पाऊल उचललं जातंय. उचललं गेलंच, असं वाटत होतं. "हाल्ला?"

त्याने तोंड हलीमाबीच्या बाजूला वळवलं.

"हलीमा, तू सांग. अल्लाची कसम हाय तुले. हाल्ला?"

"नही," हलीमाबी म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "नही जी."

त्याने ओढणी काढली, घडी केली आणि मांडीवर ठेवली. इतके महिने हलीमाबीच्या हाताकडे पाहून आपण अंगठा, करंगळी सांगत होतो. मांडीवर हात रोवून वाकलं की पाय उडतो, तेवढं आपण शिकलो होतो, आणि शिकलो हेही आपल्याला कळलं नव्हतं. बैलाच्या बाबतीत हे त्याला वयाच्या चौदाव्या वर्षी कळलं होतं. स्वतःचे डोळे झाकावेत असं एकदाही मनात आलं नाही. एखाद्या अडाणी गिऱ्हाइकाने असा बैल आणला असता तर दाऊदने त्याला दिवसभर टोमणे मारले असते.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुमाले मालूम होतं?"

"नव्हतं," चिंतामण म्हणाले. त्यांच्याकडे पाहून कोणालाही पटलं असतं. तेच जास्त भयंकर होतं.

मग जे झालं त्याचा धक्का दाऊदला टाचणीपेक्षा जास्त बसला. टाचणी तर लागलीच नव्हती. अनुपमाबाईंनी नावनोंदणीचं टेबल मांडलं, आणि रांग लागली. आधी चार माणसं, मग दहा. दाऊद मंचावरून पाहत राहिला. त्याला वाटलं, पाणी पिण्याची रांग असेल.

"अबे, हे काय करून राह्यले?" त्याने वरूडच्या मोठ्या भावाला विचारलं. तो मंचावरून उतरत होता.

"नाव देतो चाचा."

"आत्ता माहा हात तूच धरला होता नं?"

"तुमाले कळलं नाई ते ठीक हाय," तो नजर चुकवत म्हणाला. "पन पाय तं उडला. आपल्या डोयानं पाह्यला." आणि जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे मूर्तिजापूरचा मास्तर होता, सायन्स शिकवायचा.

त्या मास्तराच्या मागे महादेवराव होते.

अबोलीने बापाला हाक मारली नाही. तिने चाकं हातांनी फिरवली, खुर्ची वळवली, दोन रांगांमधून वाट काढत दाराकडे गेली. दाराला उंबरठा होता. तिथे ती अडली. एक हात चौकटीला लावून पुढची चाकं उचलायचा प्रयत्न करू लागली. शिकवणाऱ्याने ते अजून शिकवलं नव्हतं, पुढच्या महिन्यात होतं.

"महादेवराव!" दाऊद मंचावरून ओरडला. बाजारात बैलाच्या मालकाला ज्या आवाजात हाक मारायची, तो आवाज. अडीच वर्षांत लागला नव्हता. "तुमी मले इचारलं होतं! मी सांगून राह्यलो! नाई उगोलं! नाई म्हनतो मी, नाई! वीस वर्सं मी काढलेल्या खियाले तुमी कधी काहून म्हनलं नाई, आता काहून तिथं उभे हा? पोरगी उंबरठ्यावर अडली तुमची, ते पाहा!"

सगळ्या रांगेने दाराकडे पाहिलं. महादेवरावांच्या पुढे आता दोनच माणसं होती. मग ते डोक्याला हात लावून बाहेर निघाले, दारापाशी गेले आणि खुर्ची मागून उचलायला वाकले.

"थांबा बाबा," अबोली म्हणाली. "मागून नोका उचलू. पुढून मले करू द्या, तुमी निस्ते धरून ठेवा."

तिसऱ्या खेपेला खुर्ची पार झाली.

त्या दिवशी सत्तावीस जणांनी नावं दिली. दुसऱ्या मात्रेविषयी डॉक्टर दाऊदशी काही बोलले नाहीत आणि दाऊदने विचारलं नाही. त्याला चौघांनी मंचावरून उतरवलं. मघाशी चढवणारे चौघे रांगेत होते, म्हणून कार्यालयाचे वाढपी आले. अनुपमाबाई त्याच्यापाशी थांबून म्हणाल्या, "तुम्ही फार सहकार्य केलंत हो." त्यांच्या हातात तक्ता होता. लोकांनी आत येताना चिठ्ठ्यांवर पत्ते लिहून दिले होते, ते त्या एकत्र लावत होत्या.

हलीमाबी आणि दाऊद ऑटोने बडनेऱ्याला निघाले. ओढणी परत द्यायची राहून गेली, हे दाऊदला रेल्वेच्या फाटकाशी आठवलं. फाटक बंद होतं. एक लांब मालगाडी जात होती आणि दाऊद तिचे डबे मोजत होता, एवढं हलीमाबीला आठवतं. घरी विळ्यांचा ढीग पडला होता. त्याने ऑटोतून उतरल्या उतरल्या तो पुढे ओढला आणि दिवे लागेपर्यंत धार लावत बसला. पुढे कोणी पाय पाहायला आलं तर तो म्हणायचा, "पाय घरी नाई."

ज्या पायांना कळत नाही त्यांना दिवसभरात कुठे जखम झाली का, हे रोज संध्याकाळी दुसऱ्याने पाहावं लागतं. हलीमाबी अडीच वर्षं पाहत आली होती. शिबिराच्या त्या संध्याकाळी तिने पाय धुवायला घेतले तेव्हा डाव्या टाचेत टाचणी होती. तिसऱ्यांदा पाय उडाला तेव्हा ती डॉक्टरांच्या हातून सुटली असणार. ती डोक्यापर्यंत आत गेली होती, आणि दाऊद तिच्यासह पाच तास बसला होता.